गावाचे कल्याण आणि शाळेचे हजेरीपत्रक
(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात अध्यापनाच्या पद्धतींविषयी व मुलांच्या वाचन-लेखनाच्या प्रगतीविषयी पुष्कळ उपयुक्त चर्चा झाली. मला जो विषय नेमून दिलेला आहे तो वरवर पाहता शाळेच्या कुंपणाबाहेरचा वाटेल. गावातील शेती, पाणी, मजुरी, दूधदुभते, बाजार हा सारा व्यवहार कशासाठी चालावयाचा आणि तो नीट चालला आहे की नाही हे कशावरून ओळखावयाचे, असा तो विषय आहे. हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पंडितांचा. प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी संबंध काय, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती स्वाभाविक आहे. परंतु माझे म्हणणे असे की, ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या कागदावर सर्वांच्या आधी उमटते तो कागद आपल्याच ताब्यात असतो. तो कागद म्हणजे शाळेचे हजेरीपत्रक.

प्रथम मोजमापाविषयी थोडे बोलतो. गावाचे वर्ष कसे गेले हे सांगावयाचे झाले म्हणजे आपण पिकाची पैसेवारी सांगतो, कांद्याला काय भाव मिळाला ते सांगतो, गावातून किती लिटर दूध गेले ते सांगतो. ही मापे खोटी नाहीत. पण ती मालाची मापे आहेत, माणसाची नव्हेत. पीक सोळा आणे आले असता ज्या घरात जमीन नाही त्या घराचे काय झाले, हे पैसेवारी सांगत नाही. दूध डेअरीवर गेले, परंतु ज्या घरची म्हैस त्या घरच्या मुलाच्या वाट्याला कपभर दूध आले काय, हे लिटरांच्या आकड्यावरून कळत नाही.

माल मोजावा की माणसाचे भागते की नाही हे मोजावे, हा विचार आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या खेड्याची बारकाईने पाहणी केली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. त्या गावी १७७१ साली सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी जुन्या दप्तरांवरून दाखविले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गावातील १०३ कुटुंबांचा जमाखर्च त्यांनी मांडला आणि गावच्याच राहणीच्या मानाने कोणाचे भागते व कोणाचे भागत नाही, असा प्रश्न विचारला. केवळ स्वतःच्या शेतीवर ज्यांचे नीट भागत होते अशी कुटुंबे अगदी बोटांवर मोजण्याइतकी निघाली. काहींचे बाहेरच्या मजुरीच्या जोरावर भागत होते. आणि सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे भागतच नव्हते. शिवारात उभे पीक पाहून हे कोणासही कळले नसते. त्यासाठी उंबरठ्याच्या आत पाहावे लागले.

पुढे हाच विचार जगभर मान्य होत गेला. १९९० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने मानव विकासाचा पहिला अहवाल काढला. महबूब उल हक ह्यांनी तो सिद्ध केला आणि अमर्त्य सेन ह्यांचे त्यास मोठे साहाय्य झाले. देशाचे उत्पन्न किती एवढेच न पाहता माणसे किती जगतात व किती शिकतात हेही त्यांनी हिशेबात धरले. भूतानने २००८ च्या आपल्या राज्यघटनेत लोकांच्या सुखास राज्यकारभाराचे तत्त्व म्हणून स्थान दिले. वेल्स ह्या लहानशा देशाने २०१५ साली पुढील पिढ्यांच्या कल्याणाचा कायदाच केला आणि सार्वजनिक संस्थांवर त्या दृष्टीने वागण्याचे बंधन घातले. ही नावे दूरची आहेत. म्हणून त्यांवर अधिक वेळ न घालविता आपण आपल्या पाणलोटात परत येऊ.

आपल्या राज्याच्या अवर्षणप्रवण भागांतील शाळांत, दसरा-दिवाळी झाली की एक गोष्ट दरवर्षी घडते. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील शिक्षकांना तर हे सांगावयास नकोच. नवराबायकोचा एक कोयता ठरतो, आणि त्या कोयत्याबरोबर मुलेही फडावर जातात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आपल्या शाळेचे जवळजवळ अर्धे वर्ष मूल वर्गात नसते. थोरली मुलगी असेल तर ती कोपीवर तान्ह्या भावंडास सांभाळते, पाणी भरते, सरपण आणते. एप्रिलात ती परत येते तेव्हा तिच्या वर्गमैत्रिणी भागाकारापर्यंत पोहोचलेल्या असतात आणि हिचे हातचे राहिलेले असतात. अशी दोन-तीन वर्षे गेली म्हणजे तिचे नाव पटावर राहते, पण मन शाळेत राहत नाही.

आता ह्या व्यवहाराकडे केवळ पैशाच्या हिशेबाने पाहा. कारखान्यात साखर झाली. तिचा आकडा वाढला. मजुरास मजुरी मिळाली. तोही आकडा वाढला. वाहतूक झाली, उचलीची वसुली झाली. कागदावर सर्वत्र वाढच दिसते. उणे झाले ते एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे आपले हजेरीपत्रक. ज्या मुलीच्या नावापुढे सहा महिने गैरहजेरीची खूण पडत राहिली, तिचे नुकसान दुसऱ्या कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. म्हणूनच मी म्हटले की गावाच्या कल्याणाचा पहिला कागद आपल्या हाती आहे.

ह्यावर सरकारने व समाजाने काही उपाय केलेले आहेत. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय झाली. आपल्यांतील कित्येकांनी ही वसतिगृहे मनापासून चालविली आहेत. हे उपाय आवश्यक होते व आहेत. तथापि ते घाव झाल्यावर बांधलेल्या पट्टीसारखे आहेत. आईबापांनी गाव सोडूच नये अशी स्थिती गावात कशी यावी, हा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही. तो ज्यांनी आपापल्या परीने सोडविला अशी दोन उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण पुरंदर तालुक्यातील. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे ह्यांनी खडी फोडणाऱ्या माणसांचे हाल पाहिले आणि त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन खंडाने घेऊन तेथे माती व पाणी अडविण्याचे प्रयोग केले. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था निघाली आणि तिच्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. दर माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर भिजेल इतके. ज्यास जमीन नाही त्यासही पाण्याचा वाटा. तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करून त्या पाण्याचा उपयोग करू शकेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जावयाचा नाही. उसासारखे पाणी पिणारे बारमाही पीक घ्यावयाचे नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उभा करावयाचा. आणि पाणी वाटणारा पाटकरी सर्वांनी मिळून नेमावयाचा.

ह्या नियमांत एक साधी गोष्ट आहे. पाणी कोणाचे, हा प्रश्न विचारताना त्यांनी सातबाराचा उतारा बाजूस ठेवला व घरातील तोंडे मोजली. उसास सामान्यतः १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. ज्वारीचे पीक ४५० ते ६५० मिलिमीटरांत निघते. म्हणजे एका शेतातील उसाच्या पाण्यावर तीन-चार शेतांतील ज्वारी येऊ शकते. ऊस घेणाऱ्या एकाचा नफा मोठा दिसेल. परंतु त्याच पाण्यावर तीन-चार घरांची भाकरी गावात राहिली, तर त्या घरांची मुले शाळेत राहतात. कोणता हिशेब खरा, हे ठरविण्याचा अधिकार गावास आहे, हेच पाणी पंचायतीने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. त्याचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि कित्येकांनी तेथे सहलही नेली असेल. सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचे ते गाव. १९७२ नंतर त्या गावाची दशा झाली: डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, दारू व भांडणे बोकाळलेली आणि माणसे बाहेर गेलेली. १९८९ साली पोपटराव पवार हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण गृहस्थ सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाला. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, झाडे लावली गेली, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व श्रमदान हे नियम ग्रामसभेने स्वीकारले. गवत मोकळ्या चराईने न संपविता कापून नेण्याची मुभा ठेवली, त्यामुळे दुभती जनावरे वाढली व दूधही वाढले. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाहीत, बाहेरच्यास जमीन विकावयाची नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले.

१९९५ साली त्या गावातील १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. पुढील पंधरा वर्षांत अशी कुटुंबे जवळजवळ उरली नाहीत, आणि बाहेर गेलेली अनेक घरे गावी परतली. हा बदल पाण्यामुळे झाला असे सर्वजण म्हणतात, आणि ते खरे आहे. पण पाणी हे साधन होते. त्या गावाने दरवर्षी पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, विहिरींची पातळी काय आहे, हे पाहून आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग गुरांचे, आणि उरलेल्यात कोणती पिके, असा क्रम ते लावतात. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी करतात. प्रथम गरज आणि मागाहून हौस, हा तो क्रम आहे. ह्या पाऊस-पाण्याच्या नोंदींत तेथील शाळेच्या मुलांनीही भाग घेतलेला आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे अवश्य आहे. ही दोन्ही उदाहरणे जशीच्या तशी उचलून दुसऱ्या गावी लावता येत नाहीत. कोकणातील गावाचा प्रश्न निराळा, गडचिरोलीच्या जंगलातील गावाचा निराळा. शिवाय नियम जर चार बलिष्ठांनी केले आणि ज्यांची शेळी हीच एकमेव मिळकत त्यांच्यावर लादले, तर त्या चराईबंदीने कल्याण होण्याऐवजी अन्यायच होईल. नियम ज्यांना जाचणार आहेत त्यांचा आवाज ग्रामसभेत उठला पाहिजे. स्त्रिया, भूमिहीन व वस्त्यांवरची माणसे जेथे बोलत नाहीत, तेथील ठराव एकमताचा दिसला तरी तो अर्ध्या गावाचाच असतो.

आता आपण काय करावे? मला आपल्या अडचणींची कल्पना आहे. जनगणना आली की शिक्षक, निवडणूक आली की शिक्षक, सर्वेक्षण आले की शिक्षक! दोन शिक्षकी शाळेत एकाने बैठकीस जावयाचे व दुसऱ्याने पाच वर्ग सांभाळावयाचे, हे आपले नित्याचे जीवन आहे. त्यांत मी गावाच्या उद्धाराचे आणखी एक गाठोडे आपल्या डोक्यावर ठेवावयास आलेलो नाही. गावाचे पुढारीपण करणे हे आपले कामही नव्हे. ते ग्रामसभेचे आहे. मी फक्त तीन गोष्टी सुचवितो. त्या आपण आजही करीत असलेल्या कामातूनच निघतात.

पहिली गोष्ट हजेरीपत्रक वाचण्याची. आपण ते रोज लिहितो, महिनाअखेर बेरीज मारतो आणि वरिष्ठांकडे पाठवितो. पण ते गावास वाचून दाखवीत नाही. समजा, एखाद्या शाळेचा पट ६० आहे. सप्टेंबरात सरासरी उपस्थिती ५५ होती व डिसेंबरात ती ३३ झाली. म्हणजे २२ मुले गावाबाहेर गेली. ही २२ मुले कदाचित १२ घरांतील असतील. त्या १२ घरांनी उचल कशासाठी घेतली ह्याची चौकशी केली, तर कोठे आजारपण निघेल, कोठे लग्नाचे कर्ज, कोठे आटलेली विहीर. मुलांची वा घरांची नावे चारचौघांत न घेता एवढेच चित्र शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि तिच्यामार्फत ग्रामसभेपुढे ठेवावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ह्या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे असे ठरविले आहे. तेव्हा हे काम त्यांचेच आहे. मात्र ते दसऱ्यापूर्वी झाले पाहिजे, उचल हाती पडण्याच्या आधी. गावातच काम मिळावे ह्यासाठी महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. हमीच्या कामाची मागणी वेळेवर नोंदविली, आजारपणाच्या वेळी बचत गटाने हात दिला, तर १२ पैकी चार घरे थांबतील. चार घरे थांबली म्हणजे सात-आठ मुले वर्गात राहिली. जी घरे थांबणार नाहीत, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाची मागणीही त्याच वेळी पाठविता येईल.

दुसरी गोष्ट पाण्याच्या गणिताची. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवणे कठीण नाही. सातवीच्या मुलांनी पाऊस रोज मोजावा. महिन्यातून एकदा, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, गावातील दोन-तीन विहिरींची पातळी दोरीने मोजावी आणि ती भिंतीवरील फळ्यावर लिहावी. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी झाले. ४०० मिलिमीटर पडला म्हणजे दर हेक्टरी ४० लाख लिटर. हिवरे बाजारचे शिवार सुमारे ९७६ हेक्टरांचे आहे. मुलांनी गुणाकार केला तर उत्तर ३९० कोटी लिटर येईल. एवढे पाणी आभाळातून येते, मग उन्हाळ्यात टँकर का येतो, असा प्रश्न मूल घरी जाऊन बापास विचारील. क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी व आलेख हे सारे पाठ ह्यात आले. त्यासाठी निराळी तासिका नको.

तिसरी गोष्ट शाळेतील पोषण आहाराची. तांदूळ सरकारकडून येतो. पण भाजीपाला, सरपण अथवा गॅस, आणि शिजविणारी माणसे गावचीच असतात. हा गावातच फिरणारा पैसा आहे. भाजी गावातील शेतकऱ्याकडून वा बचत गटाच्या बाईकडून घेतली, परसबागेत शेवगा, पालक व मेथी लावली, तर मुलाच्या ताटात जीवनसत्त्व पडते आणि गावच्या घरात दोन रुपये पडतात. शिजविणाऱ्या बाईचे मानधन थकले असेल, तर तिच्यासाठी अर्ज लिहून देणे हेही त्याच कल्याणाचे काम आहे. मुलांचे वजन-उंची आपण नोंदवितोच. श्रावणात व चैत्रात वजनाचा काटा कोठे असतो, हे एकदा पडताळून पाहावे. मुलाचे वजन हा गावाच्या धान्यकोठाराचा खरा दाखला आहे.

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. झेंडावंदनास आपण असतोच. त्यानंतरच्या सभेत शाळेसाठी दहा मिनिटे मागून घ्यावी आणि तीन आकडे सांगावे: पटावरील किती मुले आज गावात आहेत, विहिरीचे पाणी किती हातांवर आहे, आणि किती मुलांचे वजन वाढले. कोणावर टीका नको, उपदेशही नको. आकडे सांगून बसावे. पहिल्या वर्षी कोणी लक्ष देणार नाही. दुसऱ्या वर्षी कोणी तरी विचारील की, गेल्या वेळी आकडा काय होता? ज्या दिवशी हा प्रश्न सभेतून येईल, त्या दिवशी गावाने आपला हिशेब माणसांत मांडावयास सुरुवात केली असे समजावे.

शिक्षकाची सत्ता फार थोडी असते, हे मी जाणतो. उसाचा भाव, धरणाचे पाणी वा कर्जाचे व्याज आपल्या हाती नाही. पण मूल कोणत्या दिवशी वर्गातून नाहीसे झाले, हे शासनाच्या आधी, बँकेच्या आधी, कित्येकदा शेजाऱ्याच्याही आधी आपणास कळते. जे आपणास प्रथम कळते ते गावास वेळेवर सांगणे, एवढाच आपला वाटा आहे. आणि तो उचलला नाही तर दुसरे कोणी उचलणार नाही. यंदाच्या दसऱ्यापूर्वी प्रत्येक शाळेने हे एकदा करून पाहावे, अशी माझी आपणास नम्र विनंती आहे.